येशूनं प्रार्थना केली ती कोणाला?

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या भगिनी गेली नऊ वर्षं मंडळीच्या संडे स्कूलमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवतात. येशूनं अटकेच्या आधी जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने बागेचा पाठ चालू असताना एका मुलीनं विचारलं, "येशूनं प्रार्थना केली ती कोणाला? तोच देव आहे, तर मग स्वतःलाच का?" बाईंनी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, नेहमीचा दाखला दिला: पाणी, बर्फ, वाफ; पदार्थ एक, रूपं तीन. मुलगी जरा थांबून म्हणाली, "पण टीचर, तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ नसतं ना? मग येशू बागेत होता तेव्हा पिता कुठे होता?" बाई निरुत्तर झाल्या. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की पाण्याच्या दाखल्यातून निघणारं मत मंडळीनं फार पूर्वीच नाकारलं आहे. पाळकसाहेबांना विचारलं, तर "हे गूढ आहे, विश्वास ठेवायचा" एवढंच उत्तर मिळालं. त्यात ऑफिसमधले एक अन्यधर्मीय सहकारी अधूनमधून म्हणतात, "तुम्ही एक म्हणता आणि तीन मानता." पत्राच्या शेवटी बाई लिहितात: "नऊ वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं. जे मला समजावून सांगता येत नाही त्यावर माझा विश्वास आहे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? वर्ग सोडून द्यावा का?"

प्रिय ताई,

आधी त्या मुलीविषयी बोलू. तिचा प्रश्न तुम्हाला संकटासारखा वाटतो आहे. मला तो वाचून फार आनंद झाला. तिनं जिथे बोट ठेवलं, नेमकं तिथेच तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं ठेवलं होतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच देवानं वेळोवेळी घेतलेली रूपं आहेत, असं त्या काळी काही जण शिकवत. पुढे हे मत सबेल्लियस या शिक्षकाच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. हे शिकवणाऱ्यांना देव एकच आहे हे जपायचं होतं, त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तर्तुलियननं विचारलं, मग शुभवर्तमानात बोलणारा कोण आणि ज्याच्याशी तो बोलतो तो कोण? 'त्रैक्य' या अर्थाचा लॅटिन शब्द ज्याच्या लिखाणात आपल्याला पहिल्यांदा सापडतो, तो हाच तर्तुलियन. म्हणजे तुमच्या वर्गातली ती मुलगी विश्वासाच्या बाहेर पडलेली नाही. विश्वासाच्या दारातून आत येणारे जो प्रश्न विचारत आले, तोच तिनं विचारला आहे.

आता तुमच्या पत्राच्या शेवटाकडे वळते, कारण त्यामागे तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत.

"नऊ वर्षं चुकीचं शिकवलं." दाखला चुकीचा होता हे खरं आहे आणि ते मी सौम्य करून सांगणार नाही. मीही कित्येक वर्षं अंड्याचा दाखला देत असे, कवच, पांढरा आणि पिवळा बलक. तोही तितकाच चुकीचा आहे, कारण त्यात देवाचे तीन तुकडे होतात. पण ताई, त्या नऊ वर्षांत प्रत्येक वर्गाच्या शेवटी तुम्ही काय करत होतात? डोळे मिटून "हे स्वर्गीय पित्या" म्हणत होतात. "तुझ्या आत्म्यानं आम्हाला चालव" असं मागत होतात. आणि "येशूच्या नावानं मागतो, आमेन" म्हणून मुलांसकट थांबत होतात. पित्याकडे, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या साहाय्यानं: ख्रिस्ती प्रार्थना दोन हजार वर्षं याच वाटेनं जात आली आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल हेच सांगतो, की आत्म्याच्या योगे आपण "अब्बा, बापा" अशी हाक मारतो. तुमचा दाखला चुकत होता तेव्हाही तुमची प्रार्थना बरोबर होती. मुलं दोन्ही शिकली, आणि प्रार्थना त्यांनी जास्त वेळा ऐकली.

"समजावून सांगता येत नाही त्यावर विश्वास आहे असं कसं म्हणू?" ऑगस्टीन या प्राचीन मंडळीच्या थोर शिक्षकानं त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात कित्येक वर्षं घालवली. त्याच ग्रंथात तो कबूल करतो की "तीन काय?" असं कुणी विचारलं की माणसाची भाषा अपुरी पडते. "तीन व्यक्ती" असं आपण म्हणतो ते सगळं सांगून टाकण्यासाठी नव्हे, अगदीच गप्प राहावं लागू नये म्हणून. आपल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरही त्रैक्याच्या शिकवणीबद्दल त्यांचं समाधान होत नव्हतं. ते त्यांनी लपवलं नाही. ज्या स्त्रिया त्यांना शिकवत होत्या त्यांनाच पत्रांतून त्या परखडपणे प्रश्न विचारत राहिल्या. शंका आली म्हणून त्यांनी प्रार्थना सोडली नाही, आणि प्रार्थना करतो म्हणून शंका गिळली नाही. तुम्ही आज जिथे उभ्या आहात तिथे याआधी मोठी माणसं उभी राहून गेली आहेत.

तिसरं गृहीत तुम्ही लिहिलेलं नाही, पण सगळ्या पत्राखाली तेच आहे, आणि मला त्यावरच सविस्तर बोलायचं आहे. आपण हा विषय मुलांपुढे कोडं म्हणून ठेवतो: एक म्हणजे तीन कसे? कोडं ठेवलं की उत्तर हवं, उत्तर नसलं की दाखला हवा, आणि दाखला फुटला की विश्वासच फुटल्यासारखा वाटतो. पहिल्या विश्वासणाऱ्यांपुढे हा विषय कोडं म्हणून आलाच नव्हता. त्यांच्या बाबतीत तो घडला. ज्या क्रमानं घडला त्याच क्रमानं तो मुलांना सांगा, असं माझं तुम्हाला मनापासून सुचवणं आहे.

सुरुवात जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून करा. "हे इस्राएला, ऐक" या शब्दांनी सुरू होणारं ते वचन धार्मिक यहूदी आजही सकाळ-संध्याकाळ म्हणतात. परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात तिथे 'अनन्य' हा सुंदर शब्द आहे. आणि लगेच पुढचं वाक्य काय आहे? त्याच्यावर संपूर्ण मनानं, संपूर्ण जिवानं, संपूर्ण शक्तीनं प्रीती कर. म्हणजे 'एक' हे तिथे मोजणीचं उत्तर म्हणून आलेलं नाही. आपली निष्ठा वाटली जाऊ नये, हे त्या शब्दाचं पहिलं काम आहे. मार्कच्या बाराव्या अध्यायात एक शास्त्री येशूला सर्वांत मोठी आज्ञा विचारतो, तेव्हा येशू हेच वचन म्हणून दाखवतो. तुमच्या सहकाऱ्यांना हे ठाऊक नसेल: देव एकच आहे, ही ख्रिस्ती माणसासाठी नंतर जोडलेली कबुली नाही. ती खुद्द येशूच्या तोंडची आहे.

मग असं झालं की हेच वचन रोज म्हणणारी माणसं येशूच्या नावानं प्रार्थना करू लागली. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो की मीच देव आहे, दुसरा कोणी नाही, आणि माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. एकाच देवाविषयी इतकं रोखठोक बोलणारी जागा जुन्या करारात क्वचितच दुसरी सापडेल. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकी तीच ओळ येशूविषयी येते. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या शेवटी 'मारानाथा' हा शब्द येतो. 'आमच्या प्रभू, ये' असा त्याचा अर्थ. पत्र ग्रीक भाषेत लिहिलेलं, पण हा शब्द अरामी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांच्या बोलीतला. तिथल्या उपासनेतून तो तसाच पुढे आला असणार.

पण माझ्या मते वर्गात ठेवण्यासारखं सर्वांत मोलाचं वचन त्याच पत्राच्या आठव्या अध्यायातलं सहावं आहे. पौलानं हे पत्र सुमारे इसवी सन ५५ मध्ये लिहिलं, वधस्तंभानंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी. मूर्तींना दाखवलेला नैवेद्य खावा की नाही, असा अगदी व्यवहारातला विषय चालू आहे, आणि मध्येच तो लिहितो: आपल्याला एकच देव आहे, म्हणजे पिता, ज्याच्यापासून सर्व काही झालं, आणि एकच प्रभू आहे, म्हणजे येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही झालं. आता हे वचन "हे इस्राएला, ऐक"च्या शेजारी ठेवून वाचा. त्या जुन्या वचनाचं जे ग्रीक भाषांतर त्या काळी वाचलं जाई, त्यात 'प्रभू', 'देव' आणि 'एक' हेच शब्द आहेत. पौल यहूदी होता, लहानपणापासून तेच म्हणत वाढला होता. त्यानं त्या वचनाबाहेर दुसरा देव उभा केला नाही. त्याच वचनाच्या आत त्यानं पिता आणि येशू या दोघांना पाहिलं. मुलांना दोन्ही वचनं फळ्यावर एकाखाली एक लिहून द्या आणि सारखे शब्द अधोरेखित करायला सांगा. तुम्हाला फारसं बोलावंच लागणार नाही.

आता एरियसबद्दल, कारण "हे सगळं नायसियाच्या परिषदेत मतं घेऊन ठरवलं" असं तुमच्या कानावर कधीतरी येईलच. एरियस हा चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाच्या मंडळीत वडील, म्हणजे धर्मसेवक होता. देव एकच आहे, तर पुत्र हा त्यानं निर्माण केलेलाच असला पाहिजे. सर्व सृष्टीत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. असं तो शिकवी. तोही एकत्वासाठीच झटत होता. पण मंडळी तर येशूपुढे गुडघे टेकत होती. नायसियाच्या दोनशे वर्षं आधी, ११२ च्या सुमारास, धाकट्या प्लिनी या रोमन राज्यपालानं सम्राट ट्राजानला कळवलं होतं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. मग एरियसचं म्हणणं खरं असेल, तर मंडळी एका निर्मित वस्तूची उपासना करत होती, आणि आपल्याकडे एक मोठा देव आणि एक धाकटा देव असे दोन झाले! ३२५ मध्ये नायसिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, जमलेल्या बिशपांनी म्हटलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. त्यांनी मान्य केलेल्या विश्वासांगीकाराचे, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीचे, पहिले शब्द कोणते आहेत? "आम्ही एका देवावर विश्वास ठेवतो." ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे त्यात पवित्र आत्म्याविषयीचा भाग वाढवला गेला. भांडण तिथेच मिटलं नाही, नायसियाची बाजू लढवणाऱ्या अथनेशियस या आलेक्सांद्रियाच्या बिशपला त्यासाठी पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. पण रोख लक्षात घ्या. त्रैक्याची शिकवण एकत्वावर वरून लादलेलं ओझं म्हणून आली नाही. ज्यांना एकच देव सोडायचा नव्हता आणि येशूची उपासनाही सोडायची नव्हती, त्यांनी एकत्व राखण्यासाठी बांधलेलं ते कुंपण आहे.

भाषेचीही एक अडचण आहे, ती मुलांना जरूर सांगा. आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी बसलेली तीन माणसं येतात, कारण आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे माणूस. तीन माणसं तीन वेगळे विचार करतात, तीन वेगळी कामं करतात, एकमेकांवाचून राहू शकतात. देवाबद्दल असं काही म्हणायचंच नाही. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपनं यावर एक छोटं लिखाण केलं आहे, त्याचं नावच 'तीन देव नाहीत' अशा अर्थाचं. तुमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप किती जुना आहे, हे त्या नावावरून कळतं. ग्रेगरी म्हणतो, पिता एक काम करतो, पुत्र दुसरं आणि आत्मा तिसरं, असं कुठेही नाही. प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे पुढे येतं आणि आत्म्यात पूर्ण होतं, आणि ते काम एकच असतं. म्हणून देव एक.

आणि मराठीनं आपल्याला एक देणगीही दिली आहे. 'एक' आणि 'एकटा' हे आपल्याकडे दोन निराळे शब्द आहेत. देव एक आहे, पण एकटा नाही, या अर्थाचे शब्द एका प्राचीन लॅटिन विश्वासांगीकारातही आहेत. योहान आपल्या पहिल्या पत्रात "देव प्रीती आहे" असं म्हणतो. जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हा तो कोणावर प्रीती करत होता? प्रीतीसाठी त्याला आपली गरज होती, असं आपण मानत नाही. प्रीती त्याच्यातच होती, पित्याची पुत्रावर आणि पुत्राची पित्यावर, आत्म्याच्या ऐक्यात. या विषयात माझं मन सर्वांत जास्त इथे रमतं.

मग गेथशेमानेचं काय? तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्या: येशूनं प्रार्थना केली ती पित्याला. स्वतःला नाही. तो "अब्बा" म्हणाला, आणि ते नाटक नव्हतं. पुत्र म्हणजे पिता नव्हे, हे त्या हाकेत दिसतं. शिवाय तो खराखुरा माणूस होता, म्हणून त्याला मरणाचं दुःख झालं, आणि त्यानं आपली मानवी इच्छा पित्याच्या इच्छेला सोपवली. ६८०-६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेनं मान्य केलं की ख्रिस्ताला दैवी इच्छा आहे तशी खरी मानवी इच्छाही आहे. त्या चर्चेत बागेतल्या याच प्रार्थनेवर बराच विचार झाला होता. "मग पिता कुठे होता?" ऐकत होता. एवढंच सांगा आणि थांबा. तिला आणखी विचारायचं असेल तर ती विचारेल.

पुढच्या वर्गात आल्या आल्या पाण्याच्या दाखल्याविषयी बोला. "मी सांगितलेला दाखला बरोबर नव्हता, आणि तो कुठे चुकतो हे तुमच्यातल्याच एकीनं दाखवलं," असं म्हणा. शिक्षिकेनं चूक कबूल केलेली मुलं विसरत नाहीत. यापुढे दाखले अजिबात देऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण मुलं ते स्वतःच शोधून आणतात. सूर्य आणि किरण, झरा आणि नदी हे दाखले तर तर्तुलियननंही दिले आहेत. प्रत्येक दाखला कुठपर्यंत जातो आणि कुठे मोडतो, हे मुलांनाच शोधू द्या.

दोन गोष्टी मात्र टाळा. पहिल्या योहान पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, स्वर्गात साक्ष देणारे तिघे एक आहेत असं म्हणणारं वाक्य पुरावा म्हणून वापरू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मस या विद्वानानं १५१६ च्या आपल्या छापील ग्रीक आवृत्तीत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घेतलं. ज्या मुलाला हे पुढे दुसऱ्याकडून कळेल, त्याचा तुमच्या बाकीच्या शिकवण्यावरचाही भरवसा उडेल. तसंच 'त्रैक्य' हा शब्द शास्त्रात नाही हे लपवू नका. शब्द नंतरचा आहे. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते पौलाच्या पत्रांत आणि शुभवर्तमानांत आहे. स्वतःला येशूचे अनुयायी म्हणवणारे सगळेच ही शिकवण मानत नाहीत, युनिटेरियन आणि यहोवाचे साक्षीदार ती नाकारतात, हेही मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही.

सहकाऱ्यांशी वाद घालू नका. पुढच्या वेळी ते "तीन मानता" म्हणाले, तर सांगा, "तीन देव मानणं चूक आहे, यावर आपलं दोघांचं एकमत आहे." मग त्यांना विचारा, ते 'एक' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असतं, आणि खरंच ऐकून घ्या. त्यांचं मत बदलणं हे तुमच्यावरचं काम नाही. आपला शेजारी नेमकं काय मानतो, हे त्यांना नीट कळलं तरी पुष्कळ झालं.

पाळकसाहेबांवर रागावू नका. गूढ आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण या संदर्भात गूढ म्हणजे बंद दार नव्हे. कितीही आत गेलं तरी संपत नाही असं घर. हा विषय एका उपदेशापुरता तरी सविस्तर घ्यावा, अशी विनंती त्यांना करा. तुमच्यासारखे प्रश्न मनात दाबून मागच्या बाकांवर बसलेली आणखी माणसं मंडळीत नक्की असतील.

वर्ग सोडू नका. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. उत्तर चुकलं म्हणून घरी जाऊन वाचणारी, आणि त्याची रुखरुख लागणारी शिक्षिका त्या मुलीला हवी आहे. तुम्ही गेलात, तर आपण प्रश्न विचारला म्हणून टीचर गेल्या, असंच ती समजेल. येत्या रविवारी दोन्ही वचनं फळ्यावर लिहा, आणि त्यानंतर तिनं काय विचारलं ते मला कळवा.